नऊ नंबर निपटला

“नऊ नंबर निपटला. आता बाराले पाठव,” ऑपरेशन थिएटरचं दार ढकलून बाहेर आलेला वॉर्डबॉय फोनवर म्हणाला आणि तसाच जिना उतरून गेला.

सिंधूताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. नऊ नंबर म्हणजे गिरिधरराव, त्यांचा नवरा. सकाळी हृदयाच्या ऑपरेशनसाठी आत नेलेला. सिंधूताईंच्या माहेरी, भिवापूरला, कोणी मेलं की गल्लीतल्या बाया दबक्या आवाजात हेच म्हणायच्या. निपटला.

त्यांनी रडू येण्याची वाट पाहिली. आलं नाही. छातीवरून काहीतरी जड उतरलं, एवढंच. मग त्यांनी मोनालीला फोन लावला.

पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा गिरिधररावांनी तिला केस धरून दाराबाहेर काढलं होतं. सोडवायला गेलेल्या सिंधूताईंचा हात पिरगाळून मोडला होता. नात शाळेत जायला लागली, तरी तिचं तोंड सिंधूताईंनी फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. तेही न्हाणीत लपून.

“मोनाली, घरी ये वं. पोरीले घेऊन ये. आता तुले कोणी हाकलत नाही.”

“म्हणजे? बाबा...?”

“हो. सुटली वं मी, बाई.”

तिकडे मोनाली रडली. मग नाक ओढत म्हणाली, “निघतेच मी, आई. हिंगण्याहून ऑटो करते.”

वॉर्डबॉय चहा पिऊन वर आला. “काकू, तुम्ही नऊ नंबरवाल्या न? एकदम मस्त झालं ऑपरेशन. आता आणखी वीस वर्षं काही होत नाही त्यायले.”

सिंधूताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. “तुम्ही तर म्हणाले, निपटला.”

“टेबलावरून उतरला की आमच्यात निपटलाच म्हणतात, काकू.”

तेव्हा सिंधूताईंना रडू फुटलं. तोंडात पदर कोंबला तरी थांबेना. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली.

“रडू द्या,” वॉर्डबॉय हसून म्हणाला. “खुशीचं आहे.”

फोन वाजला. “आई, ऑटोत बसलो आम्ही. पोरगी विचारून राहिली, आजीले काय म्हणून हाक मारू?”

सिंधूताईंनी डोळे पुसले.

“परत फिर वं, माय,” त्या म्हणाल्या. “तुझे बाबा वाचले.”