पदराखालचे हात

वसतिगृहाची विहीर आटली आणि मुलांना घरी न्या म्हणून पालकांना निरोप गेले. रत्नम्मा उदगीरहून लातूरला पोचली तेव्हा तिची लेक महादेवी ट्रंकेवर बसून वाट पाहत होती. शेजारी सिद्धम्मा बसली होती. देगलूरकडची पोर, महादेवीहून थोडी मोठी. तिचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले, घराला कुलूप.

"हिलाही न्याल का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"न्हेते की. दोघी मिळून राहतील," रत्नम्मा म्हणाली.

निघताना त्यांनी नेहमीची आठवण करून दिली. "घरी हातवारे नाहीत हं, बाई. यंदा सुट्टी लांबणार. केलेली मेहनत वाया जायला नको."

"न्हाई सर. आमच्या घरात कुनीच करत न्हाई."

खरंच कुणी करत नव्हतं. पण एके काळी रत्नम्मा करायची. महादेवी जन्मापासून बहिरी. ती रांगायला लागली तेव्हापासून मायलेकींनी आपली आपण एक भाषा जमवली होती. कपाळावर भस्म लावल्यासारखी तीन बोटं आडवी ओढली की वीरण्णा, म्हणजे बाप. दोन्ही मुठींनी दोरी ओढली की ताक. नाकाशी चिमूट धरली की मोठ्या नथीची बिदरची आत्या. भाकरी थापता थापता, भांडी घासता घासता दोघींचे हात चालूच. जाऊ हसायची. म्हणायची, "पोरीपायी रत्नम्मा बी मुकी व्हायली."

लातूर नवा जिल्हा झाला त्या साली तिथं बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. वीरण्णानं भांड्यांचं दुकान दिवसभर भावावर सोपवलं आणि पोरीला घेऊन दोघं गेले. मुख्याध्यापक भला माणूस होता. त्यानं त्यांना समोर बसवून समजावलं, "हात बोलायला लागले की तोंड आळशी होतं. मुलीनं बोलावं असं वाटत असेल तर तुम्ही हात बंद ठेवा."

पहिल्या सुट्टीत महादेवी एसटीतून उतरली ती हात हलवतच. किती काय काय सांगायचं होतं तिला. रत्नम्मानं आपले हात पदराखाली घट्ट धरले आणि मान हलवली. "तोंडानं बोल," ती म्हणाली. महादेवी पुन्हा हात हलवायला लागली. रत्नम्मानं तोंड फिरवलं. पोर रडली, तिचा पदर ओढत राहिली. त्या रात्री रत्नम्मा जेवली नाही, पण हात तिनं बाहेर काढले नाहीत. पुढच्या सुट्टीत महादेवीचे हात कमी हलले. त्याच्या पुढच्या सुट्टीत हललेच नाहीत. शाळा लागू पडली असं रत्नम्माला वाटलं. घरात सगळी पोरं आईला अव्वा म्हणत. महादेवी शाळेत शिकवलं तसं "आ-ई" म्हणायची. वीरण्णा गिऱ्हाइकांसमोर तिला उभी करायचा आणि "पाणी" म्हणायला लावायचा. ती म्हणायची. लोक वाहवा करायचे.

आता दोघी पोरी घरात होत्या. सिद्धम्माचे कान सातव्या वर्षी तापात गेलेले. त्याआधी ती बोलायला शिकली होती, त्यामुळे तिला जड आवाजात का होईना बोलता यायचं, आणि समोरच्याचे ओठ बघून कळायचंही.

एका दुपारी रत्नम्मा टँकरवरून घागर घेऊन आली. मागच्या अंगणात दोघी बसलेल्या. महादेवी काहीतरी सांगत होती. नुसत्या हातांनी नव्हे, सगळ्या अंगानं. ती टँकरचा ड्रायव्हर झाली, मग हातातून निसटलेला पाइप झाली, मग घागर फुटलेली म्हातारी झाली. शेवटी तिनं पदर खोचल्यासारखं केलं, कमरेवर हात ठेवला आणि साऱ्या रांगेला दम भरला. ती आपणच आहोत हे रत्नम्माच्या लक्षात आलं. ती मोठ्यानं हसली. दोघींपैकी कुणाला ते ऐकू गेलं नाही.

मग महादेवीची नजर दाराकडे गेली. हात मांडीवर पडले. पाठ ताठ झाली. गुरुजी वर्गात आल्यासारखी ती बसली, ओठ नीट जुळवले आणि म्हणाली, "आ-ई. पा-णी."

रत्नम्मानं घागर खाली ठेवली. सिद्धम्मासमोर जाऊन बसली.

"ही अशी बोलती व्हय?"

"दिवसभर," सिद्धम्मा म्हणाली. "होस्टेलात हिच्याइतकं कुनीच बोलत न्हाई. सर गेले की सगळ्या पोरी हिच्याभोवती बसत्यात."

घरात महादेवी दिवसाकाठी चार-पाच शब्द बोलायची. शांत स्वभावाची पोर, असं रत्नम्मा पाहुण्यांना सांगत आली होती.

"तिला म्हन, मला बी काही सांग. मनात असंल ते. मी रागवत न्हाई."

सिद्धम्माचे हात हलले. महादेवीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. रत्नम्माचे हात सवयीनं पदराखाली गेले होते. तिनं ते बाहेर काढले, गुडघ्यांवर ठेवले. पुढं त्यांचं काय करायचं ते तिला आठवेना.

बऱ्याच वेळानं महादेवीची बोटं हलली. अंगणात मघाशी हलत होती तशी नाही. छातीशी, बारीक, कुणाला दिसू नये अशी. सिद्धम्मानं ते पाहिलं आणि खाली बघत राहिली.

रत्नम्मानं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "काय म्हनती?"

"म्हनती," सिद्धम्मा म्हणाली, "मी ल्हान होते तवा तू माझ्याशी लई बोलायचीस. माझं असं काय चुकलं, की तू बोलायचीच बंद झालीस?"