काचेच्या आतले ठसे

न्हावऱ्याच्या शाळेत राबिया मॅडम नुकतंच शिकवून आल्या होत्या: इलेक्ट्रॉन इलेक्ट्रॉनला ढकलतो, म्हणूनच आपला हात भिंतीतून आरपार जात नाही.

प्रयोगशाळेच्या कुलूपबंद कपाटाच्या काचेवर, आतल्या बाजूनं, आज पुन्हा बोटांचे ठसे होते. कालच त्यांनी कपाट उघडून ते पुसले होते.

त्यांनी नव्या शिपायाकडे, नबीलालकडे, रोखून पाहिलं. "मामा, कपाट कोणी उघडलं?"

"काय म्हाईत. किल्ली तर तुमच्याच पर्समधी हाय."

किल्ली पर्समध्येच होती. तरी संशय जाईना.

"खरं सांगा, नाहीतर मला वर कळवावं लागेल."

नबीलाल ओशाळला. "डागच हाय न्हवं? पुसतो की," म्हणत त्यानं बाहेरूनच काचेवर फडकं फिरवलं.

आतले ठसे पुसले गेले.