परीक्षा तुझी नाही

"आणि तुझ्या बढतीचं काय?" लिफ्टमध्ये मावशीने विचारलं.

"आता तुझ्या हातात आहे. पण घाबरू नकोस. परीक्षा तुझी नाही, आमच्या ॲपची आहे. तू जितकी चुकशील, तितका आमचा फायदाच."

चाचणीला येणाऱ्या प्रत्येकाला भाची हेच सांगायची. तोंडात बसलेलं वाक्य, सवयीने निघून गेलं.

दवाखान्याची वेळ घ्यायचं ते ॲप तिने डिझाइन केलं होतं. आज चाचणीला आलेल्या माणसाने ते न अडखळता वापरलं, की डिझाइन विभागाची प्रमुख म्हणून तिचं नाव पक्कं. ठरलेला माणूस ऐनवेळी फिरकलाच नाही, म्हणून तिने मावशीला बोलावून घेतलं. ओळखीचं माणूस बसवायचं नाही, हा नियम तिला ठाऊक होता. पण मावशी म्हणजे फोनवर हात बसलेला. घरादाराची बिलं तीच भरायची. नातं कुणाला सांगितलं नाही, इतकंच.

चाचणीच्या खोलीत साहेब मागे येऊन बसले. मावशीचा पूर्वरंगच लांबला. चष्मा पुसून झाला, पदर सावरून झाला.

"बाई, डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घ्या," भाची परक्यासारखं म्हणाली.

"कुठे दाबू?"

"तुम्हाला काय वाटतं?" मदत करायची नाही, हाही नियमच.

मावशीने दातांचे डॉक्टर निवडले. मग मागे गेली. मग होतं नव्हतं ते पुसून बसली.

"सगळं सारखंच दिसतंय हो," ती कसनुसं हसली.

मावशी बाहेर गेल्यावर साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "साध्या माणसालाच जमेना. विभाग दुसऱ्या कुणाकडे देतो. तुम्ही अजून थोडं शिका."

बसथांब्यावर ती मावशीशेजारी उभी राहिली. नियम मोडला नसता तर, हेच मनात घोळत होतं. शेवटी राहवलं नाही.

"वय झालं गं तुझं, मावशी."

बोलली आणि जीभ चावली. मावशीला मात्र काहीच लागलं नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, साहेब आसपास नाहीत याची खात्री केली आणि हळूच तिचा हात दाबला.

"वरचं निळं बटण, मग डोळे, मग उद्या. बघताक्षणी कळलं होतं मला. इतकं सोपं केलंयस, चुका शोधून शोधून कराव्या लागल्या. झाला ना गं तुझा फायदा?"