सासूबाईंची रंगीत तालीम

मनोऱ्याच्या पायऱ्या तीनशेच्या वर आहेत, हे सुनेनं मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं.

“असू देत,” सासूबाई म्हणाल्या. “लिही मनोरा. दुसऱ्या दिवशी सकाळी.”

वर्षभरात स्वतःच्या इमारतीची गच्चीसुद्धा न चढलेली ही बाई युरोपातल्या एका कालव्यांच्या शहरात जाऊन मनोरा चढणार होती. तेही एकटी, चार दिवसांसाठी. हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, कुणास ठाऊक. एका सकाळी चहा घेताना त्यांनी ते जाहीर केलं आणि सुनेला ठसकाच लागला.

तिच्या घाबरण्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या, तेव्हा घरात कुणी नव्हतं. सून कामावरून परतेपर्यंत त्या तशाच गार फरशीवर. नवरा जहाजावर इंजिनियर, वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. दुधानं तोंड पोळलेलं, त्यामुळे सून तेव्हापासून ताकही फुंकून पीत होती. सासूबाईंना तिनं एक रात्रही एकटं सोडलं नव्हतं. जुने गालिचे आणि भिंतीवर टांगायचे विणलेले पडदे दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेत ती काम करायची. तिथून परदेशी शिकायला जायची संधी दोनदा आली, दोनदा तिनं नाही म्हटलं. घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

नवऱ्याला फोन लावला, तर तो आईच्याच बाजूनं. जाऊ दे की, म्हणाला, आणि तिकीट काढून परस्पर आईला पाठवायचं कबूलही केलं. उंटाऐवजी जहाजावर बसून शेळ्या हाकायला काय जातं, असं सुनावून तिनं फोन ठेवला.

शेवटी तिनं अट घातली. “आई, आधी घरात एकट्या राहून दाखवा. मग परमुलखाचं बोलू.”

प्रकरण इथंच मिटेल असं तिला वाटलं होतं. सासूबाईंना मात्र पडत्या फळाची आज्ञा. त्याच शनिवारी त्यांनी सुनेला मैत्रिणीकडे झोपायला पिटाळलं. मैत्रीण घोरत होती आणि ही छताकडे बघत पडलेली. सकाळी धावतपळत घरी आली, तर सासूबाई खुशाल वर्तमानपत्र वाचत बसलेल्या. पुढच्या महिन्यात दोन रात्री झाल्या, मग तीन.

तालीम जोरात सुरू झाली. न्हाणीघरात धरायला दांडा बसला, कारण तिकडच्या हॉटेलात तो असतो म्हणे, हाताला सवय हवी. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना रोज सकाळी व्हिडिओ कॉल करून ‘मी उठले’ असं कळवायचा सराव झाला. पहिले आठ दिवस नर्सबाईंना नुसतं कपाळ दिसायचं.

व्हिसाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, “तूही काढून ठेव. तिकडे माझं काही झालं, तर न्यायला कोण येणार? ऐन वेळी रांगेत उभी राहशील?” सुनेनं आपलाही अर्ज भरला. ते चार दिवस तिला रजाही टाकायला लावली. पोचले का, जेवले का, हे विचारायला सून मोकळी हवी.

काय काय बघायचं हे ठरवायचं काम तिच्याकडे आलं. मला त्यातलं काय कळतं, असं म्हणून सासूबाईंनी हात झटकले. मग ती रोज कामावरून आली की नकाशा पसरून बसू लागली. विणलेल्या पडद्यांचं तिथलं संग्रहालय तिनं शिकत असल्यापासून चित्रांत पाहिलं होतं. त्यासाठी तिनं अख्खा दिवस ठेवला. तुम्ही कंटाळाल, असंही सांगून पाहिलं, पण सासूबाईंनी मान डोलावली. कित्येक दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. थोडा हेवाही वाटला, आणि आपण सासूचा हेवा करतो म्हणून स्वतःची लाजही.

चालायला नवे बूट आणले. दोघींचं माप एकच, आणि नवे बूट चावतात, तेव्हा ते घालून सैल करायचं कामही सुनेच्या गळ्यात पडलं. निघायच्या दिवशीही ते तिच्याच पायात होते. विमानतळावर बदलू, असं ठरलं.

बॅग सासूबाईंनी स्वतःच भरली. सुनेला हात लावू दिला नाही. तिचंही तिकडे फारसं लक्ष नव्हतं, दोन दिवस ती आपला निळा स्वेटर शोधत होती. दारातून निघताना मात्र तिनं गोळ्यांची डबी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात सरकवली आणि कुठली कधी घ्यायची ते पुन्हा एकदा त्यांच्याकडून घोकून घेतलं.

विमानतळाच्या दारापाशी सासूबाईंनी टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलं. परतीची काळजी नको, म्हणाल्या. सुनेचा जीव टांगणीला लागला होता. त्या पायऱ्या, तो अनोळखी रस्ता, आणि पुन्हा चक्कर आली तर?

“आई, अजूनही नाही म्हणा. कुणी हसणार नाही तुम्हाला.”

“त्या शनिवारी राहिले ना मी एकटी? त्या तीन रात्री राहिले ना? काही झालं?”

“नाही.”

“मग झालं तर.”

सुनेनं डोळे पुसले आणि बुटांची नाडी सोडायला वाकली. सासूबाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. कापडी पिशवीतून पासपोर्ट आणि तिकीट काढून तिच्या हातात ठेवलं. तिनं सवयीनं उघडून पाहिलं.

“आई, हा माझा पासपोर्ट दिलात तुम्ही.”

“बूट राहू देत पायात,” सासूबाई म्हणाल्या. “पुढच्या कप्प्यातल्या गोळ्या तेवढ्या काढून दे. मला घरी लागतील.”