पुढच्या रविवारी नक्की

"तुम्ही व्हा पुढे," असं मागच्या माणसाला सांगून इनास त्रिभुवन भिंतीला चिकटून उभा राहिला.

रविवारच्या मिस्साआधीची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेआधीची, ही कन्फेशनची रांग; एकेकानं आत जायचं आणि फादरांपाशी आपली पापं कबूल करायची. इनासनं सकाळपासून इतक्या जणांना पुढे सोडलं होतं, की नवख्या माणसाला वाटावं, रांग लावायला चर्चनं हाच ठेवलाय! रांग त्याच्यापर्यंत यायची, त्याला वळसा घालायची आणि पुढे सरकायची.

समोरच्या बाकावर त्याची बायको मंजुषा येवल्याची नवी साडी नेसून बसली होती. लग्नाला आज पंचवीस वर्षं झाली होती आणि आजची मिस्सा त्यांच्या नावानं होती. ना सोनं मागितलं बाईनं, ना सहल. आज वेदीपुढे जाऊन ख्रिस्तप्रसाद आपण दोघांनी मिळून घ्यायचा, एवढंच मागितलं होतं. आता कन्फेशन झाल्याशिवाय इनास काही तो घेणार नव्हता. आणि कन्फेशन तर तो कित्येक वर्षं 'पुढच्या रविवारी नक्की' करतच होता.

माणूस वाईट नव्हता हो! अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. केसाएवढा फरक दिसला की पार्ट रिजेक्ट. तेव्हा कन्फेशनसुद्धा बिनचूकच व्हायला हवं, एक पाप सुटता कामा नये, प्रार्थनेत एक शब्द इकडचा तिकडे होता कामा नये, असं त्यानं डोक्यात घेतलेलं. नीट तयारी करून जाऊ, नीट तयारी करून जाऊ, म्हणता म्हणता नवी पापं जमत गेली आणि तयारी वाढतच गेली.

त्यानं मागे वळून पाहिलं. आता फक्त म्हातारी साळूबाई दिसत होती, तीही बाकावर टेकलेली.

"मावशी, या ना. व्हा पुढे."

"म्या मघाच जाऊन आले, बाबा," साळूबाई म्हणाली. "आता परत जायचं तर नवं पाप कुठून आणू?"

बाकावरचे दोघं-तिघं फिसकन हसले. मंजुषा मात्र हसली नाही. तिनं इनासकडे नुसतं पाहिलं. ही बाई रागावली असती तर बरं होतं, असं त्याला वाटलं. पण ती रागावली नव्हती. आजही याच्याकडून कन्फेशन होणार नाही हे तिनं मनोमन धरूनच ठेवलं होतं. इनासनं डोळे मिटले आणि तो कन्फेशनच्या लाकडी कोठडीत घुसला.

मधल्या जाळीपलीकडे फादर ललित होते. गेल्याच महिन्यात धर्मगुरू झालेले, मिशीसुद्धा अजून धड न भरलेली.

इनास गुडघ्यावर बसला. सुरुवात आशीर्वाद मागण्यानं करायची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आशीर्वाद दे, हे प्रभू," तो धडाधड म्हणत सुटला, "आम्हांला आणि आम्ही आता घेणार आहोत त्या या अन्नाला..."

"आमेन," फादर तितक्याच घाईनं म्हणाले.

मग फादरांच्या काहीतरी लक्षात आलं.

"भाऊ," थोड्या वेळानं जाळीतून हळूच आवाज आला, "आपण जेवायला बसलोय का?"

इनासला दरदरून घाम फुटला. झालं! पहिल्याच वाक्याला माती! पण छप्पर काही कोसळलं नाही. उलट जाळीपलीकडून हसू दाबल्यासारखा आवाज येत होता, आणि मग दाबायचं कुणालाच जमेना. हसता हसता इनासच्या छातीवरचा दगडच हलला. तो बोलायला लागला. उलटसुलट, मागचं पुढे, पुढचं मागे, पण भडाभडा बोलला. काय बोलला ते ऐकायचं नसतं. आपण जरा लांब थांबू.

हं, झालं वाटतं. आता फादरांनी पापक्षमेचे शब्द म्हणायचे होते. ते म्हणायला लागले आणि मध्येच अडकले. परत पहिल्यापासून सुरुवात केली, परत तिथंच अडकले. कागद चाळल्याचा आवाज आला, मग काहीतरी खाली पडलं.

"माफ करा," फादर पुटपुटले. "घरी पाठ होतं हो मला."

"घाई नाही, फादर," इनास म्हणाला. "बघून वाचा. अडलं तर परत म्हणा, त्यात काय एवढं!"

आपल्याच तोंडून हे काय निघालं, म्हणून तो जागीच थक्क झाला. फादरांनी पुस्तक उचललं आणि बघून, सावकाश, सगळं नीट म्हटलं. तेवढ्यात मिस्साची घंटा झाली.

मिस्साभर मंजुषानं त्याला काहीच विचारलं नाही. विचारायची तिला भीतीच वाटत असावी. ख्रिस्तप्रसादाची वेळ आली, लोक उठायला लागले. दर रविवारी याच वेळी इनास पाय बाजूला घ्यायचा आणि मंजुषा पर्स त्याच्या मांडीवर ठेवून एकटीच वेदीकडे जायची. आजही तिचा हात सवयीनंच पुढे आला. पर्स ठेवून, मान खाली घालून ती निघाली.

दोन पावलांवर तिला मागे चाहूल लागली. ती वळली.

इनास उभा होता. पर्स कुठे ठेवावी हे न सुचल्यामुळे त्यानं ती टिकल्यांची पर्स खांद्याला अडकवली होती आणि हात जोडून तो तिच्या मागे येत होता. दोन्ही बाजूचे लोक वळून वळून बघत होते.

मंजुषाचे डोळे भरून आले.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "चेन लावा तिची. उघडी आहे."