न शिजवलेलं ताट

काट्यानं एक्याण्णव किलो दोनशे ग्रॅम दाखवले. यशदीप खाली उतरला, खिशातल्या किल्ल्या आणि मोबाइल टेबलावर ठेवला आणि पुन्हा चढला. बरोबर एक्याण्णव.

"मागच्या सोमवारी नव्वद आठशे होते," समता कॉलोनीतल्या आहारतज्ज्ञ अपर्णाताई म्हणाल्या. "शरीरातली चरबीही एक टक्क्यानं वाढली. भैया, खरं सांगा, बाहेर काही खाता?"

"नाही दीदी. अडतीस दिवस झाले, शिजवलेला एक घास पोटात गेला नाही."

हे अगदी खरं होतं. सकाळी फळं, दुपारी मोड आलेले मूग आणि गाजर, दोन्ही वेळेला आईच्या हातचं काकडीचं थंड सार. सदर बाजारातून जाताना कचोरीच्या कढया दिसल्या की हा पठ्ठ्या गाडीचा वेग वाढवायचा. कच्चं म्हणजे हलकं, हे घरात सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. तरी काटा काही केल्या ऐकत नव्हता.

आणि ऐकायलाच हवा होता. आईचं यकृत निकामी होत चाललं होतं. यशदीपचा रक्तगट जुळला, पण त्याच्या यकृतावर चरबी निघाली. "दोन महिन्यांत दहा किलो कमी करा, तरच तुमच्या यकृताचा तुकडा त्यांना देता येईल," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "त्याहून जास्त वेळ त्यांच्याकडे नाही." दुसरं देणारं कोणी नव्हतं. वडील गेलेले, भावंड नाही, बायकोचा, मंजिरीचा, रक्तगट वेगळा. आता बावीस दिवस उरले होते.

चौबे कॉलोनीतल्या घराकडे जाताना त्याच्या डोक्यात नुसता गोंधळ होता. ऑपरेशनची भीती त्याला होतीच, ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती इतकंच. आपल्याला मनातून द्यायचंच नसेल का? मन नाही म्हणत असेल आणि शरीर त्याचंच ऐकत असेल? या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की सिग्नल हिरवा झाला तरी तो तसाच उभा राहिला. मागच्या रिक्षावाल्यानं दोन शब्द सुनावले तेव्हा कुठे गाडी हलली.

घरी शिस्तीला तर तोड नव्हती. गोदावरीबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, अपर्णाताईंचा तक्ता फ्रिजवर चिकटवला होता आणि सोवळं पाळावं तसा तो पाळायला लावला होता. पाय सुजलेले, डोळे पिवळे, तरी त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून स्वतः मिक्सर फिरवायच्या. एकदा मंजिरीनं कोशिंबिरीला मोहरीची फोडणी दिली, तर त्यांनी अख्खं भांडं मोलकरणीला देऊन टाकलं.

"फोडणी म्हणजे शिजवलेलंच न," त्या म्हणाल्या होत्या. "पोट्टा एवढं करून राहिला, त्याच्यावर पाणी नको फेरू."

मग दाटसर साराचा पेला त्याच्यापुढे सरकवायच्या. "पी. काकडी कोवळी आहे आज." दिवसभरात पोट भरल्यासारखं वाटायचं ते तेवढ्यानंच.

मंजिरीचं मात्र सुरुवातीपासून वेगळं होतं. "आपली पिंकी चार वर्षांची आहे," एवढंच ती म्हणायची आणि उठून जायची.

तो घरी पोचला तेव्हा पिंकी बालवाडीत होती, आई आतल्या खोलीत पडलेली. त्याला संताप आला होता, आणि भूक त्याहून जास्त. उपाशी राहूनही वाढायचंच असेल तर खाऊन वाढलेलं काय वाईट? त्यानं पिंकीच्या चिवड्याचा डबा काढायला ओट्याखालचं कपाट उघडलं.

डब्यामागे काजूची पाकिटं होती. चार भरलेली, एक अर्धं. बाजूच्या वाडग्यात मूठ मूठ काजू आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे पाण्यात भिजत पडले होते.

घरात काजू कोणी खात नव्हतं. त्यानं वाडगा ओट्यावर ठेवला. एक फुगलेला काजू बोटांत चुरून पाहिला. दाट सार, पांढुरकं सार, पोटभरीचं सार.

मंजिरी कपडे वाळत घालून आत आली आणि वाडगा पाहून दारातच थांबली.

"हे माझ्या सारात जातं?" त्यानं विचारलं.

तिनं रिकामी बादली खाली ठेवली.

"मंजिरी, तुला मी ऑपरेशनला जायला नको आहे. हो की नाही?"

"नको आहे," ती म्हणाली. "मला भीती वाटते. रोज वाटते."

"म्हणून तू माझ्या आईला मारणार?" त्याचा आवाज फाटला. "अडतीस दिवस मी स्वतःला दोष देतोय. वेडा व्हायची पाळी आली माझ्यावर."

मंजिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं पुसलं, पण नजर त्याच्याकडे नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून मागे पाहत होती.

"तिले काहून बोलतो?" भिंतीचा आधार घेत गोदावरीबाई आत आल्या, स्टुलावर टेकल्या आणि वाडगा त्यांनी स्वतःकडे ओढून घेतला. "ते मी वाटतो. मी जिती आहो तोवर तुह्या पोटाले कोणी सुरी लावत नाही."