चौसष्ट टाके

स्वेटर बाळूच्या कानांपाशी अडकला. संपादकबाईंनी आधी हलकेच, मग दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहिला, पण गळा काही कानांखाली उतरेना.

बाळू म्हणजे ऑफिसातला पुतळा, तीन वर्षांच्या मुलाच्या मापाचा, एका कानाचा टवका उडालेला. विणकामाच्या मासिकात येणारा प्रत्येक नमुना बाई आधी स्वतः विणायच्या, बाळूला घालून बघायच्या, मगच तो छापायला जायचा. या खेपेला तेवढंच राहून गेलं होतं. मंदी आली, लोकरवाल्यांच्या जाहिराती आटल्या, हाताखालची माणसं एकेक करून घरी बसली आणि पाकिटांना डिंक लावण्यापर्यंत सगळं बाईंच्या अंगावर पडलं. अंक कसाबसा टपालात पडला आणि दुसऱ्याच दिवशी मालकांनी मासिक बंद केल्याचं सांगितलं. वाचकांचा धड निरोपही घेता आला नाही. रिकाम्या हातांना चैन पडेना, म्हणून बाईंनी आपल्याच अंकातला हा स्वेटर विणायला घेतला होता.

त्यांनी अंक उघडला. गळपट्टीसाठी चौसष्ट टाके उचला, असं छापलं होतं. हवे होते चौऱ्याऐंशी.

बाहेरच्या खोलीत मालक भंगारवाल्याला कपाटं दाखवत होते. तिकिटं जमवणाऱ्यांचं मासिक त्यांनी आधी बंद केलं, मग शोभेच्या माशांचं, आता हे. माणूस वाईट नव्हता, पण बंद करता करता पार थकून गेला होता. बाईंनी अंक त्यांच्यापुढे धरून चूक दाखवली. निदान वाचकांना एकेक कार्ड तरी पाठवू या म्हणाल्या, खर्च माझा. मालकांनी नकारार्थी मान हलवली. पत्ते ज्या कंप्युटरात होते, तो सकाळीच पुसून विकला होता.

"बाई, चूकदुरुस्ती पुढच्या अंकात छापतात," मालक म्हणाले. "आपल्याला पुढचा अंक कुठाय?"

आणि मग, त्यांना बरं वाटावं म्हणून, लोकरीच्या टाक्यांनी काही कुणाचा जीव जात नाही, असंही म्हणाले.

बाई आत येऊन बसल्या. जीव जाणार नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. पण गळा डोक्यात जाईना म्हटल्यावर बायका काय करतील, तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. कारण ते त्यांनीच शिकवलं होतं. नवशिक्यांच्या पानावर, दर अंकात, चौकटीत: 'अडलं, तर चूक नमुन्यात शोधू नका, हातात शोधा. उसवा आणि पुन्हा विणा.' या चौकटीचा बाईंना फार अभिमान होता. आज ती आठवली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे कुणी वाचक आजी होत्या. वर्गणी संपत आलीय, पुढची कुठे भरायची, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बाईंनी त्यांना मध्येच थांबवून विचारलं, लहान मुलाचा स्वेटर विणताय का?

"विणतेय की, नातवासाठी. दोनदा उसवला. माझा मेला गळाच जमत नाही."

"आजी, चूक आमची आहे. चौसष्ट नाही, चौऱ्याऐंशी टाके उचला."

"अहो, पण छापलंय चौसष्ट."

"ते चुकीचं छापलंय."

आजी हसल्या. "माझं मन राखताय होय? मी इतकी वर्षं तुमचा अंक बघून विणतेय. वीस टाके तुम्ही चुकाल होय? डोळे माझेच गेलेत. उद्या चष्म्याचा नंबर तपासून येते, मग परत उसवते."

बाईंनी पुन्हा सांगितलं, हात जोडून सांगितलं, फोनवर ते दिसत नाही हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. पुढचा अंक निघणार नाही, हेही सांगितलं. उशीर होणार का, असू दे, तोवर माझा गळा होईल, असं म्हणून आजींनी फोन ठेवला. नाव विचारायचं राहून गेलं.

भंगारवाला दारात उभा होता. खोलीत आता टेबल-खुर्ची, फोन आणि बाळू एवढंच उरलं होतं.

"ताई, हे नेऊ का?"

"थोडं थांबता का?" बाई म्हणाल्या. "अजून कुणाचा तरी फोन येईल."

तो भला माणूस होता. दाराबाहेर काढून ठेवलेल्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्यावर टेकला. बाई फोनवर हात ठेवून बसल्या. बाळूचं तोंड अजून स्वेटरातच होतं, ते काढायचं कुणाला सुचलं नाही.

खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं, तरी फोन वाजला नाही. फोन करून तक्रार कोण करणार? घराघरांतून बायका आपल्याच हातांना नावं ठेवत, खाली मान घालून गळा उसवत बसल्या असतील.